क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या गटाचा ‘ब्लॅक एंजल्स’ (1990) हा अल्बम सुरू होताच कर्कश वाटतो. कुठून ऐकायला घ्यावा?

शेवटून घ्या: अखेरीस रशियन संगीतकार शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना (1960), आहे. त्यातली त्याच्या नावाच्या अक्षरांवरून बेतलेली चार स्वरांची ओळ पुन्हापुन्हा येते, त्यामुळे कानाला धरायला काहीतरी मिळतं. मग सुरुवातीच्या, अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्बच्या रचनेकडे वळा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, 1970 मध्ये लिहिलेली ही रचना विजेवर आवाज वाढवलेल्या तंतुवाद्यांची आहे. सुरुवातीचा तो किडेमुंग्यांसारखा कर्कश कल्लोळ मुद्दाम केलेला आहे. वादक मध्येच आकडे ओरडतात, पाणी भरलेल्या काचेच्या पेल्यांवर गज फिरवतात (हा भाग तर फारच सुंदर). मात्र शोस्ताकोविच आवडला म्हणून क्रम्ब आवडेलच असं नाही, आणि हेडफोन लावणार असाल तर आवाज आधी कमी करा.