तोडणार कोण?

प्रिय बाबू,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, फोटो मोठे करून बघितले. भेंडीची झाडं तुझ्या खांद्याला लागलीत, पानं काळपट हिरवी, आणि बुंध्याकडे वीत-वीतभर लांबीच्या लाकूड झालेल्या शेंगा. वर विचारतोस, ‘मावशी, कुठलं खत कमी पडलं?’

खत कमी पडलं असतं तर झाडं अशी दिसली असती का रे?

जमिनीचं आधी उरकून टाकते, म्हणजे तो किडा तुझ्या डोक्यातून जाईल. आपली गोव्याची जांभ्याची माती आंबट, हे तू वाचलंस ते खरं. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जमिनीतला चुना धुऊन नेतो. म्हणून मे महिन्यात, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी चुना मिसळायचा. शेणखत त्याच दिवशी घालायचं नाही, नाहीतर त्यातलं नत्र उडून जातं. राख असेल तर उत्तम. आता भर पावसात चुना टाकलास तर तो वाहून शेजाऱ्याच्या परसात जाईल. झालं. ती खताची बाटली ज्यानं तुला विकली त्याच्याकडे परत जाऊ नकोस.

आता मला सांग, तू पर्वरीला राहतोस, तुझं भाजीचं परस डिचोलीला. शनिवारी दुपारी पोचतोस, रविवारी संध्याकाळी निघतोस. मग सोमवार ते शुक्रवार तोडणार कोण?

हा प्रश्न बियाणं विकत घेण्याआधी विचारायचा असतो. आळी खणण्याआधी, खताआधी, पाण्याआधी. तोडणार कोण? लावायला सगळेच येतात. पहिल्या पावसात हौसेनं बी टोचणारे मी खूप पाहिले. श्रावणात पायाला चिखल लावून, अंगाला खाज सुटत असताना, एक दिवसाआड सुरी घेऊन उतरणारे फार थोडे.

भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तिथून चार ते सहा दिवसांत शेंग तोडायला येते. रविवारी निघताना करंगळीएवढी बघून तू ‘अजून लहान आहे’ म्हणून सोडलीस, ती बुधवारी तयार होती. शनिवारी तू आलास तेव्हा तिच्यात दोरे धरले होते. बरं, एक शेंग वाया गेली एवढ्यावर हे थांबत नाही. झाडाला तुझ्या भाजीशी काही देणंघेणं नाही, त्याला बी करायचं आहे. एकदा शेंगेत बी भरायला लागलं की अन्न तिकडे वळतं आणि वर कळ्या धरणं मंदावतं. कोवळी असताना तोडत राहिलास तर ते पुन्हापुन्हा फुलतं. तू झाडाला काम संपल्याचं सांगितलंस, म्हणून ते थांबलं. यात खताचा काय संबंध?

आपल्याकडची ती सात शिरांची भेंडी, जिला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, ती लांब वाढली तरी कोवळी असते. तुझी तीच आहे, फोटोत शिरा मोजल्या मी. तेवढी तुला सवलत. पण सवलत म्हणजे एखादा दिवस, अख्खा आठवडा नव्हे.

दोडक्या-काकडीचं याहून वाईट. फळमाशी कोवळ्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ सडून गळतं. तू ते वेलाखाली तसंच पडू दिलंस. त्या अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि नवीन माश्या होऊन तुझ्याच मांडवावर येतात. म्हणजे पाच दिवस तू माश्या पाळल्यास. गळलेलं, डागी फळ दर खेपेला गोळा करून हातभर खोल पुरायचं. पण पुन्हा तेच. गोळा करणार कोण?

तू लिहिलंयस, ‘तोडायला जीव होत नाही, अजून मोठी होऊ दे असं वाटतं, फोटो छान येतात.’ हे वाचून मी चिडले होते, खरं सांगते. मग जेवले आणि जरा राग गेला. पहिल्या वर्षी असं वाटतं. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीला आपल्या परसातलं दोडकं टांगावं ही इच्छाही चांगली आहे. मग एक ठेव, त्याला दोरा बांध आणि बाकीचे तोड. तू एका दोडक्याच्या निमित्तानं अख्खा वेल जून केलास.

बियाण्याचंही तसंच. विसरलेल्या शेंगा ‘बियांना राहू दे’ म्हणणं ही आळशी माणसाची सोय आहे. बियांचं झाड सुरुवातीलाच ठरवायचं, सगळ्यांत निरोगी असेल ते. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड तर मुळीच नको, ते उपटूनच टाकायचं, पांढरी माशी त्याचा रोग इतरांना देते.

पुस्तकात तू वाचशील की पानं ओली असताना वेलांना हात लावू नये. बरोबर आहे, रोग पसरतो. पण गोव्यात त्या हिशेबानं बसलास तर ऑक्टोबरातच काढणी होईल. जरा उघडीप मिळाली की उतरायचं, लांब बाह्यांचा सदरा घालायचा, देठासकट सुरीनं कापायचं, ओढायचं नाही.

तू मला एकदा विचारलं होतंस, ‘मावशी, तुम्ही कुठं जात का नाही?’ तेव्हा मी हसण्यावारी नेलं. लग्न झाल्यापासून श्रावणात मी माहेरी राहायला गेले नाही. सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. भाऊ अजून बोलून दाखवतो. आई गेली तेव्हा दिवाळी उलटली होती, म्हणून त्या वेळी मी तिच्याजवळ होते, नाहीतर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही. वाईट वाटतं का? वाटतं. पण तिकडे राहून मी काय केलं असतं, पाटावर बसून गप्पाच ना? इकडे शाळेतून येऊन भाजी काढायची, शेजारी तीन घरांत द्यायची, हे सगळं कुणी केलं असतं? आमचे हे म्हणायचे, भेंडीनं हिला बांधून घातलंय. असेल. त्यांच्या ताटात ती रोज होती आणि ते रोज खात होते, एवढंच मी म्हणते.

तू असं कर असं मी सांगणार नाही. तुझी नोकरी आहे, तुझं वय आहे. मग जमेल ते लाव. थांबणाऱ्या भाज्या आहेत की! सुरण, कोनफळ, करांदे पहिल्या पावसाला लावायचे, पानं पिवळी पडून वेल सुकला की खणायचे. आठवडाभर उशीर झाला तर ते जमिनीत गपचूप पडून राहतात. अळू कधीही काप. लाल भोपळा देठ वाळला आणि नख रुतेनासं झालं की काढायचा, मग तो घरात महिनोन् महिने टिकतो. मिरची हिरवी राहिली तर लाल होईल, लाल झाली तर वाळव. तवशी, म्हणजे आपली मोठी काकडी, मुद्दाम जून होऊ देतात, धोंडसाला, म्हणजे काकडीच्या गोड केकला, तीच लागते. तांबडी भाजी पेरल्यापासून महिनाभरात येते. बाजारात मुळासकट विकतात, तू चार बोटं वर काप, पुन्हा फुटेल.

वांग्यांचा नाद दिवाळीनंतर. कातडीची चमक गेली की बी झालं समजायचं, पण त्याआधी ते तुला दोन-चार दिवस देतं. हिरवंगार झाड एका दुपारी मान टाकून बसलं तर त्याचं खोड कापून काचेच्या पेल्यात, पाण्यात धर. पांढरे धागे उतरताना दिसले तर ती जिवाणूंची मर आहे, औषध शोधत फिरू नकोस. जुने गोव्याला आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, संस्था आहे, तिनं मरीला तोंड देणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्यात, रोपांची चौकशी तिथं कर. आणि मिरची, टोमॅटो होते त्या जागेत वांगी लावू नकोस.

बेळगावची भाजी घाटातून रोज येते, सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या दुकानात स्वस्त मिळते, मग एवढा खटाटोप कशाला, हा तुझा शेवटचा प्रश्न. पैशासाठी करत असशील तर आजच सोड, मी अडवणार नाही. कोवळी भेंडी सकाळी तोडून दुपारी खायची असेल तर दुसरा रस्ता नाही.

आणि भेंडीच हवी असेल, तर भिंतीपलीकडच्या काकींना विचार. तू लिहिलंस, ‘त्यांना कशाला त्रास, बरं दिसत नाही.’ अरे, त्रास कसला? एक दिवसाआड त्यांनी तोडायचं, मधल्या दिवसांची सगळी भाजी त्यांची, शनिवार-रविवारची तुझी. हिशेब मागायचा नाही, किती निघाली विचारायचं नाही. त्यांचं घर खाईल आणि झाड चालू राहील.

येत्या शनिवारी पोचलास की आधी त्या सगळ्या जून शेंगा कापून टाक. माटोळीच्या दोडक्याला दोरा बांध. मग काकींकडे जा, जाताना चहापूड नाहीतर काहीतरी घेऊन जा, रिकाम्या हातानं जाऊ नकोस. दहा दिवसांनी नव्या कळ्या आल्या की नाही ते मला कळव. फोटो नको, शेंगा किती तोडल्या ते लिही.

तुझी,
मावशी