पोर्टलवर ‘मान्य’ दाबलं आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा झाला?

प्रश्न : हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी २० महिने नोकरी करते आहे. नेमणूकपत्रात नोटीस पिरियड ३० दिवसांचा होता. गेल्या वर्षी एचआर पोर्टलवर नवं धोरण आलं. ‘मान्य’ दाबल्याशिवाय हजेरी लागत नव्हती, म्हणून न वाचता दाबलं. आता राजीनामा दिल्यावर कळतंय की त्यात ९० दिवस लिहिलेत. शिवाय २४ महिन्यांचा, दीड लाखाचा ट्रेनिंग बॉण्ड (मुदतीआधी सोडल्यास प्रशिक्षणाचे पैसे भरण्याची अट) आहे आणि रुजू होताना घेतलेला माझ्या सहीचा कोरा चेक कंपनीकडे आहे. ३० दिवसांत गेलात तर पगार रोखू, चेक भरू, रिलिव्हिंग लेटर देणार नाही, असं एचआर सांगतं. नव्या ठिकाणी ३५ दिवसांत रुजू व्हायचंय. एकूण पगार ५०,०००, बेसिक २५,०००, शिल्लक रजा १४ दिवस.

उत्तर : आधी मनावरचं ओझं थोडं कमी करा. कुठलंही न्यायालय तुम्हाला ९० दिवस त्याच खुर्चीत बसून काम करायला लावणार नाही. व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून असलेल्या कराराची सक्तीने अंमलबजावणी होत नाही, हे विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम १४ मध्ये आहे. कंपनी मागू शकते ती भरपाई. म्हणजे वाद रकमेचा आहे, आणि ती किती हे कागदांवरून ठरेल.

‘न वाचता क्लिक केलं’ हा बचाव दुबळा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार इलेक्ट्रॉनिक संमतीने झालेला करारही वैध असतो. तुमची खरी बाजू वेगळी आहे. करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे चालू करारातली अट दोघांच्या सहमतीने बदलते. त्यामुळे बघायचं हे की पोर्टलवर ‘नोटीस पिरियड ३० वरून ९० दिवस’ असा बदल स्पष्ट दाखवला होता, की चाळीस पानांच्या धोरणात तो कुठेतरी दडवला होता? हजेरीच अडवून घेतलेली संमती मोकळी म्हणता येईल का? आणि तुमच्या मूळ पत्रात ‘कंपनीची धोरणं वेळोवेळी बदलतील व ती बंधनकारक राहतील’ असं वाक्य आहे का? ते असेल तर कंपनीची बाजू बरीच भक्कम होते. नसेल तर ३० दिवसांचा आग्रह धरा.

वाईटात वाईट धरून हिशेब करू. तुम्ही ३० दिवस काम केलंत तर ६० दिवस कमी पडतात. वसुली एकूण पगारावर असेल तर १,००,००० रुपये, बेसिकवर असेल तर ५०,०००. कशावर, हे पत्रात शोधा. लिहिलेलं नसेल तर बेसिकवर हिशेब मागा. रजा वळती करण्याची सोय धोरणात असेल तर ४६ दिवस उरतात, म्हणजे बेसिकवर सुमारे ३८,३३३ रुपये. काही कंपन्या या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावतात. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकाने नोटीस पगाराच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही हे स्पष्ट केलंय, तेव्हा ती ओळ दिसली तर लगेच हरकत घ्या.

बॉण्ड बेकायदा असतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. पण तिथे सार्वजनिक बँकेच्या भरतीप्रक्रियेचा खर्च आणि गरज यांचा विचार झाला होता. खासगी कंपनीला मात्र करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. बॉण्डमधली रक्कम ही वरची मर्यादा, आपोआप मिळणारा आकडा नव्हे. प्रशिक्षण किती दिवस झालं, बाहेरचा प्रशिक्षक होता का, खर्चाची बिलं कुठे आहेत, हे लेखी विचारा. २४ पैकी २० महिने तुम्ही भरलेत. खर्च खरंच दीड लाख झाला असं मानलं तरी उरलेल्या चार महिन्यांचा वाटा २५,००० होतो. तडजोड याच आकड्याच्या आसपास करा.

चेकच्या बाबतीत हयगय नको. सही केलेल्या कोऱ्या चेकवर दुसऱ्याने रक्कम लिहिली तरी ती तुमचं देणं आहे असंच कायदा गृहीत धरतो, आणि बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगितल्याने चेक न वटल्याबद्दलचं कलम १३८ टळतंच असं नाही. म्हणून आजच ईमेल करा : चेक क्रमांक अमुक, रुजू होताना कोरा घेतलेला, माझ्याकडून इतकी रक्कम देणं नाही, चेक परत करावा. कंपनीने भरलेला चेक न वटता परत गेला आणि पैशांच्या मागणीची नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. इथे गप्प बसलेले लोक हमखास अडचणीत येतात.

पगार पूर्ण रोखता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं. कलम १८ मध्ये कपातीची कारणं ठरलेली आहेत, एकूण कपात ५० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि प्रशिक्षणाचा खर्च त्या यादीत नाही. पैसे अडवले तर कलम ४५ खाली सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदत तीन वर्षं आहे, आणि थकबाकीशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे.

शेवटचा दिवस लेखी कळवा, हस्तांतराची यादी मेलवर पाठवा, लॅपटॉप परत केल्याची पोच घ्या. न सांगता येणं बंद केलंत तर ‘पळून गेली’ अशी नोंद होते आणि वरची सगळी बाजू लंगडी पडते. लॉगिन बंद होण्याआधी नेमणूकपत्र, पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि त्या धोरणाच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपनीची किंवा ग्राहकाची कुठलीही फाइल मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. रिलिव्हिंग लेटर अडलं तर राजीनाम्याची मेल, बँकेचे उतारे आणि पीएफची सेवानोंद नव्या एचआरला चालते का, हे आत्ताच विचारून घ्या. जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हीच पोर्टलवर भरू शकता. दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर येऊ देऊ नका.

नव्या कंपनीच्या पत्रावर सही करण्याआधी तिथल्या एचआरला चार गोष्टी मेलवर विचारा : नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच आहे का, पैसे भरून ती कमी करता येते का आणि कोणत्या पगारावर, प्रोबेशनमध्ये किती दिवसांची, आणि धोरण बदललं तर मला वेगळं कळवून माझी संमती घेणार का. ते मेलवर जे उत्तर देतील, तेच पत्रात घालून मागा.