पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात कार्ड मशीन घ्यावं, की चेक आणि यूपीआयवरच भागवावं?

तुम्ही लिहिलंय की सोसायट्या चेक देतात, घरगुती गिऱ्हाईक 'कार्ड चालेल का' विचारतात आणि बँकेचा माणूस मशीनसाठी मागे लागलाय. मी ठाण्यात हाच धंदा करतो. माझ्या मते मशीन आत्ता नको.

घरगुती काम बहुतेक हजार-दोन हजाराचं. तिथे यूपीआय पुरतं. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे बँकेचं कमिशन, लागत नाही. क्रेडिट कार्डाचं तसं नाही. साधारण दोन टक्के धरा आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी. वाळवीच्या पाच हजारांच्या कामात 118 रुपये गेले, मशीनचं भाडं वेगळंच. कोणी कार्डाचाच हट्ट धरला तर व्हॉट्सअ‍ॅपवर पेमेंट लिंक पाठवा; कमिशन तिथेही कापतात, पण दरमहा भाड्याचं ओझं नाही. क्यूआर मात्र फर्मच्या करंट खात्याचाच ठेवा. कामावर जाणाऱ्या पोराच्या नंबरवर पैसे घेतलेत, तर महिनाअखेरीस कुठली रक्कम कुठल्या बिलाची, हे जुळवत बसाल.

सोसायटीच्या खात्याला दोन-तीन सह्या लागतात, त्यामुळे तिथे चेक सुटत नाही. खजिनदार गावाला गेले की बिल पंधरा दिवस पडून, हे तुम्हालाही ठाऊक असेल. त्याहून त्रासाचं म्हणजे नवी कमिटी येते, बँकेत सह्या बदललेल्या नसतात आणि चेक 'सही जुळत नाही' असा शेरा घेऊन परत येतो. निवडणुकीनंतरचा पहिला चेक घेताना सेक्रेटरींना तेवढं विचारून घ्या. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेकचं क्लिअरिंग दिवसभर सुरू असतं, त्यामुळे सकाळी टाकलेला चेक आता पूर्वीसारखा रेंगाळत नाही.

खरा फायदा आहे तो बंगलेवाल्यांच्या वार्षिक कराराच्या हप्त्यांत, आणि तिकडे फार कोणी बघत नाही. पुढच्या तारखांच्या चेकांचा गठ्ठा घेण्यापेक्षा ई-मँडेट घ्या. गिऱ्हाईक नेट बँकिंग किंवा डेबिट कार्डाने एकदा मंजुरी देतं, पुढचे हप्ते आपोआप येतात. यूपीआय ऑटोपेमध्ये 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, फक्त 24 तास आधी सूचना जाते. 'मँडेटला चेकइतका कायदेशीर आधार नाही' असं बाजारात बोलतात, ते खरं नाही. खात्यात पैसे नसल्याने मँडेट परतलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 चं कलम 25 लागतं. शिक्षा चेक परतल्यावर लागणाऱ्या कलम 138 सारखीच: दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस मात्र गेली पाहिजे. अर्थात तीन हजारांसाठी कोर्टात कोण जातंय! एक फोन केला की बहुतेक वेळा काम होतं.

मँडेट परतलं की बँक तुमच्याकडूनही शुल्क घेऊ शकते, ते आधीच विचारून ठेवा. आणि हप्त्याची तारीख पाच ते सातच्या दरम्यान घ्या, तोवर पगार झालेले असतात.