नाशिकचं पाणी खासगी कंपनीकडे गेलं तर चोवीस तास येईल का?

तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत म्हणता. एक म्हणतो, कंपनी आली की चोवीस तास पाणी. दुसरा म्हणतो, गोदावरी विकायला काढली. आणि तुम्हाला विचारायचंय की खरं कोण. मी नाशकात एकवीस वर्षं प्लंबिंग करतोय, त्यामुळे रस्त्याच्या खाली जे दिसतं त्यावरून सांगतो.

गोदावरी कुणी विकत नाही. गंगापूर, मुकणे, दारणा ही धरणं जलसंपदा खात्याची, महापालिकेला त्यातलं ठरावीक आरक्षण मिळतं. कंपनी आली म्हणून ते एका बादलीनेही वाढत नाही. पाऊस लांबला किंवा जायकवाडीसाठी वरून पाणी सोडायचा आदेश आला, तर कपात कंपनीच्या राज्यातही होणारच. कंपनीकडे जातं ते धरणापासून पुढचं काम: पंप, शुद्धीकरण, जलकुंभ, वाहिन्या, मीटर आणि वसुली. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी यातली मालकीही पालिकेकडेच राहते, चालवायचा ठेका मात्र कित्येक वर्षांचा असतो.

आता मीटरची गोष्ट ऐका, कारण खरी भांडणं तिथे होतात. पंचवटीतल्या एका वाड्यात गळती काढायला गेलो होतो. पाणी यायला दहा मिनिटं होती. नळ फुसफुसायला लागला, थेंबही नव्हता, आणि मीटरचा काटा गरागरा फिरत होता. वाड्यातल्या मावशी म्हणाल्या, "हवा पण विकता का रे आता?" त्यांचं चुकत नव्हतं. व्हॉल्व्ह बंद झाला की वाहिनी रिकामी होते आणि तिच्यात हवा भरते. पुन्हा पाणी सोडलं की ते ती हवा पुढे रेटत आणतं. साध्या मीटरला हवा काय नि पाणी काय, दोन्ही सारखंच. दिवसातून तास-दोन तास पाणी आणि वर मीटरप्रमाणे बिल, हे जिथे जिथे एकत्र आलं तिथे लोक चिडणारच.

वाहिनी सतत भरलेली असेल तर हा त्रास राहत नाही. शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत खेचलं जात नाही आणि नळाला चोरून मोटार लावायची गरजही पडत नाही. म्हणजे चोवीस तासांची मागणी चैनीची नाही. पण त्यासाठी आधी गळती बंद करावी लागते, आणि माझा अनुभव असा की गळती मोठ्या वाहिनीपेक्षा घरगुती जोडावरच जास्त असते. जुन्या नाशकात खणलं की फेरूलपासून, म्हणजे मोठ्या वाहिनीवरच्या जोडापासून, घरापर्यंतचा अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप हातात चुरा होऊन येतो. असे हजारो जोड बदलायचे म्हणजे गल्लीगल्लीत खोदकाम आलं, काही वर्षं धूळ आली, आणि पैसा आला. हा पैसा कोण घालणार, एवढ्यावर सगळा करार उभा असतो. बाकी घोषणा.

आपल्याच राज्यातलं बघा. नागपुरात 2012 पासून पंचवीस वर्षांच्या करारावर खासगी कंपनी पाणीपुरवठा चालवते. पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी द्यायचं ठरलं होतं. काही भागांत ते आलं, सगळीकडे नाही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, समांतर जलवाहिनीच्या, म्हणजे जायकवाडीहून शहरात नवी मोठी वाहिनी टाकायच्या योजनेच्या नावाखाली 2014 मध्ये वीस वर्षांसाठी कारभार कंपनीकडे गेला आणि 2016 मध्ये पालिकेनेच करार मोडला. दरवर्षी पाणीपट्टी वाढत राहिली, नळाला पाणी मात्र रोज आलं नाही. लातुरातही असाच प्रयोग लोकांनी हाणून पाडला.

आणि कराडला लागून असलेलं मलकापूर. तिथे 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं, कंपनीशिवाय, जीवन प्राधिकरण (राज्य सरकारची पाणी योजना करणारी संस्था) आणि नगरपंचायतीने मिळून. प्रत्येक घराला मीटर, आणि जास्त वापराल तसा दर चढा. गाव लहान आहे, नाशिकशी थेट तुलना नको, पण 'सरकारी म्हटलं की होतच नाही' म्हणणाऱ्यांना मी हेच नाव सांगतो. पॅरिसनेही 2010 मध्ये खासगी कंपन्यांकडून पाणी परत स्वतःकडे घेतलं, तेव्हा कंपनी म्हणजेच प्रगती हे गणितही खरं नाही.

मला विचाराल तर माझा कल विरोधाकडे आहे, आणि कारण भावनिक नाही. आपली शहर बस 2021 पासून ठेक्यावर धावते. ठेकेदाराने पगार थकवले की वाहक संपावर जातात आणि आपण रिक्षाला हात करतो. पाण्याच्या बाबतीत रिक्षा म्हणजे टँकर, आणि मे महिन्यात त्याच्यापुढे आपलं काय चालतं ते तुम्हाला माहीत असेल.

तरी प्रस्ताव आलाच, तर ग्रुपवर भांडण्यापेक्षा मसुदा मागा, तोही मराठीत. कंपनीला पैसे कशावर मिळणार ते त्यात शोधा. उपसलेल्या पाण्यावर मिळत असतील तर गळतीचं तिला सोयरसुतक नाही, वसूल झालेल्या बिलावर मिळत असतील तर गळती तिलाही लागेल. दरवाढ आपोआप होणार की महासभेत येणार? करार मोडला तर भरपाई कुणी कुणाला द्यायची? औरंगाबादचा घोळ करार मोडल्यावरही बरेच दिवस निस्तरत होता.

बिल किती वाढेल, हे मसुदा पाहिल्याशिवाय कुणीही सांगितलं तरी ती थाप समजा.

तोपर्यंत एक करा. पाणी सुरू असताना मीटरच्या पुढचे सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करा आणि काटा बघा. तरीही फिरत असेल तर गळती तुमच्या बाजूला आहे, मग पालिका असो नाहीतर कंपनी, ते बिल तुमचंच.