होंडुरासमधला नदी नसलेला पूल खरा आहे का? मिच वादळात नेमकं काय झालं होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: व्हॉट्सॲपवर एका पुलाचा फोटो फिरतो. पूल धडधाकट उभा आहे, नदी मात्र त्याच्या बाजूने वाहतेय. वादळाने म्हणे नदीच हलवली. हे खरं आहे का, आणि ते वादळ खरंच एवढं मोठं होतं का?

फोटो खरा आहे. त्याखाली जो मजकूर येतो तो अर्धा खरा आहे. मी स्वतः रस्ते आणि पुलांच्या कामावर असतो, त्यामुळे हा फॉरवर्ड मला दर पावसाळ्यात कोणीतरी पाठवतंच. पुलाबद्दल आधी सांगतो आणि मग वादळाकडे येतो, कारण खरी गोष्ट वादळाची आहे.

चोलुतेका हे मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाच्या दक्षिण टोकाकडचं शहर. अटलांटिकच्या नव्हे, पॅसिफिकच्या बाजूचं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. शहरातून त्याच नावाची नदी वाहते. तिच्यावर 1930च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बांधलेला एक जुना झुलता पूल आहे. फोटोतला पूल वेगळा. तो शहराला वळसा घालणाऱ्या बायपासवर एका जपानी कंपनीने बांधला, लांबी 484 मीटर, आणि 1998मध्ये तो पुरा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस मिच आलं. नदीला असा पूर आला की तिने बाजूची जमीन कापून नवं पात्र धरलं, पुलाचे दोन्हीकडचे जोडरस्ते भरावासकट गेले, आणि पूल मधल्यामध्ये उभा राहिला. 2003मध्ये तो पुन्हा महामार्गाला जोडला गेला. म्हणजे 'आजही तो तसाच बिनकामाचा उभा आहे' हे फॉरवर्डमधलं वाक्य वीसेक वर्षं शिळं आहे.

'पूल टिकला' या कौतुकाबद्दलही थोडं बोलतो. पुरात पूल बऱ्याचदा भरावापासून, म्हणजे जोडरस्त्याखालच्या मातीपासून, जातो. खांबांचा पाया खोलवर नेलेला असतो आणि भराव हा शेवटी दाबून बसवलेल्या मातीचा ढीग. पाण्याला गाळ्यांतून जायला जागा पुरली नाही की ते बगलेतून वाट काढतं आणि भराव खातं. म्हणून आमच्या धंद्यात जोडरस्ता वाहून गेला तर 'पूल वाचला' असं म्हणत नाहीत. रस्ता बंद तो बंदच. तरी तो जपानी पूल उत्तम बांधलेला होता यात शंका नाही. त्याच पावसाने होंडुरासमधले बहुतेक पूल पाडले किंवा निकामी केले. देशातली 70 ते 80 टक्के वाहतूक व्यवस्था मोडून पडली असा त्या वेळचा अंदाज आहे.

आता वादळ. 22 ऑक्टोबर 1998 रोजी कॅरिबियन समुद्राच्या नैर्ऋत्य भागात एक कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. चार दिवसांत त्याचं पाचव्या श्रेणीचं, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं, हरिकेन (अटलांटिकमधलं चक्रीवादळ) झालं. वारे ताशी सुमारे 290 किलोमीटर आणि केंद्रातला दाब 905 मिलिबार. ऑक्टोबर महिन्यात अटलांटिकमध्ये इतका कमी दाब तोवर नोंदलाच गेला नव्हता.

अंदाज असा होता की हे वादळ वायव्येला, युकातान किंवा बेलीझच्या दिशेने जाईल. त्याऐवजी ते होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोर येऊन जवळजवळ थांबलंच. वादळाला पुढे ढकलणारे वरच्या थरातले वारे मंदावले होते. गुआनाहा या छोट्या बेटाला त्याने दोन दिवस झोडपलं.

या चुकलेल्या दिशेची सर्वांत भीषण किंमत 'फॅन्टोम' या जहाजाने मोजली. चार डोलकाठ्यांचं, 282 फुटी शिडाचं पर्यटक जहाज. कप्तानाने प्रवाशांना बेलीझ सिटीत सुखरूप उतरवलं आणि स्वतःला धरून 31 जणांसह तो वादळापासून दूर म्हणून दक्षिणेला, रोआतान बेटाच्या आडोशाला निघाला. त्या वेळी हाती असलेल्या अंदाजानुसार हा विचार चुकीचा नव्हता. पण वादळही दक्षिणेलाच वळलं. 27 ऑक्टोबरला संपर्क तुटला. नंतर काही लाइफ जॅकेट आणि तराफे सापडले, माणूस एकही नाही. इंग्रजीत या जहाजावर भरपूर लिहिलं गेलंय, कारण प्रवासी आणि कंपनी अमेरिकी. बुडालेले खलाशी बहुतेक कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतले होते.

29 ऑक्टोबरला मिच किनाऱ्यावर चढलं तोवर वारे ताशी 130 किलोमीटरपर्यंत उतरले होते. म्हणजे पहिली श्रेणी. टीव्हीवर नकाशा बघणाऱ्या कुणालाही वाटेल, सुटलो. आणि तुमच्या 'एवढं मोठं होतं का' या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: श्रेणीच्या हिशेबाने तोवर ते मोठं राहिलंच नव्हतं. श्रेणी फक्त वारा मोजते. पाऊस मोजत नाही.

वारा संपला होता, पण वादळ जागचं हलत नव्हतं. सावकाश सरकत ते होंडुरासच्या डोंगरांवर आलं. ओली हवा डोंगरावर चढली की काय होतं हे सह्याद्रीखाली राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. इथे त्यात भर म्हणजे या फिरत्या ढगाने एका हाताने कॅरिबियनची आणि दुसऱ्या हाताने पॅसिफिकची वाफ ओढून घेतली. त्यामुळे जोराचा पाऊस उत्तर किनाऱ्यापुरता न राहता थेट दक्षिणेलाही पडला. एकट्या चोलुतेकात 900 मिलिमीटरच्या वर नोंद झाली. सगळ्यांचं लक्ष उत्तरेच्या समुद्राकडे, बेटं आणि किनारा रिकामा करण्याकडे होतं. मागच्या अंगणात काय वाढून ठेवलंय याची दक्षिणेतल्या लोकांना कल्पना नव्हती.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने नंतर हवाई छायाचित्रांवरून मोजदाद केली. त्यांच्या अंदाजाने होंडुरासमध्ये पाच लाखांहून जास्त ठिकाणी दरडी कोसळल्या. पाच लाख! राजधानी तेगुसिगाल्पात एल बेरिंचे नावाच्या टेकडीचा उतार सरकून नदीत आला, नदी तुंबली आणि सांडपाण्यासकट शहराच्या मध्यभागात पसरली. लोकांचा लाडका महापौर सेसार कास्तेयानोस हेलिकॉप्टरमधून पाहणी करत होता. 1 नोव्हेंबरला ते हेलिकॉप्टर कोसळलं आणि तो गेला. देशाचे अध्यक्ष कार्लोस फ्लोरेस म्हणाले की आम्ही पन्नास वर्षांत उभं केलेलं बहात्तर तासांत गमावलं. राजकारण्यांची अशी वाक्यं मी सहसा मनावर घेत नाही, पण हे फारसं अतिशयोक्त नव्हतं.

सर्वांत वाईट घटना मात्र होंडुरासमध्ये घडली नाही. ती शेजारच्या निकाराग्वात घडली, जिथे मिचचा केंद्रबिंदू गेलाच नाही.

निकाराग्वाच्या वायव्येला कासिता नावाचा सुमारे 1,400 मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. निद्रिस्त. त्याच्या पायथ्याशी पोसोल्तेगा तालुक्यात एल पोर्वेनिर आणि रोलांदो रोद्रिगेस ही दोन गावं होती. 30 ऑक्टोबरला सकाळी, कित्येक दिवसांच्या संततधारेनंतर, माथ्याजवळचा एक तुकडा सुटला. उद्रेक वगैरे काही नव्हता. सुटलेला तुकडा तुलनेने लहानच होता, पण उतरताना वाटेतली माती, दगड, झाडं खात तो कितीतरी पटींनी फुगला आणि चिखलाचा लोंढा होऊन गावांवर आला. वाचलेल्यांनी सांगितलं की हेलिकॉप्टर आल्यासारखा आवाज झाला. काही मिनिटांत दोन्ही गावं नकाशावरून गेली. सुमारे दोन हजार माणसं.

पोसोल्तेगाच्या महापौर फेलिसितास सेलेदोन यांनी राजधानीला कळवलं की इथे हजारोंनी माणसं गाडली गेली आहेत, मदत पाठवा. त्या डाव्या सांदिनिस्ता पक्षाच्या, तर अध्यक्ष आर्नोल्दो आलेमान त्या पक्षाचे कट्टर विरोधक. सुरुवातीला सेलेदोन यांचं म्हणणं सरकारने गांभीर्याने घेतलंच नाही. मला या सगळ्या प्रकरणात जीवाला लागलेली गोष्ट ही आहे, दरडीपेक्षाही. दरड पावसाने आणली. दूरध्वनीवर बोलणाऱ्या बाईवर विश्वास न ठेवण्याचं काम माणसांनी केलं.

एकूण मृत्यू 11,000हून अधिक. त्यातले सुमारे 7,000 होंडुरासमध्ये, सुमारे 3,800 निकाराग्वात, बाकी ग्वातेमाला, एल साल्वादोर आणि इतरत्र. हजारो बेपत्ता लोक पुढे कधी सापडलेच नाहीत. 1780च्या महावादळानंतर अटलांटिकमधलं एवढं जीवघेणं हरिकेन दुसरं झालेलं नाही. होंडुरासमधल्या साठेक लाखांपैकी पंधरा लाखांच्या आसपास लोकांचं घर तरी गेलं किंवा त्यांना ते सोडावं तरी लागलं.

आता, लोक एवढ्या तीव्र उतारांवर राहत का होते? हौस म्हणून नक्कीच नाही. उत्तरेतल्या सपाट, सुपीक खोऱ्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी फळकंपन्यांच्या केळीच्या बागा. दक्षिणेतल्या सपाटीवर कापूस आणि गुरांची कुरणं. लहान शेतकऱ्याच्या वाट्याला उरला डोंगर. तिथे जंगल तोडून मका आणि घेवडा. राजधानीतही तेच: सपाट जागा परवडत नाही, म्हणून घर टेकडीच्या कडेला किंवा ओढ्याच्या काठाला. पाऊस आला तेव्हा कोण कुठे उभं असणार हे कित्येक दशकं आधीच ठरून गेलं होतं. म्हणूनच 'काळाप्रमाणे बदला, नाहीतर त्या पुलासारखे व्हाल' हा फॉरवर्डमधला धडा मला खटकतो. एका कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये स्लाइडवर तो पूल दाखवून टाळ्या घेतलेल्या मी पाहिल्यात. मेलेल्यांचा आकडा त्या स्लाइडवर नव्हता.

उतारावरच्या शेतीबद्दल एक माहिती मात्र जरूर वाचण्यासारखी आहे. मिचनंतर होंडुरास, निकाराग्वा आणि ग्वातेमालातल्या शेतकऱ्यांच्या एका चळवळीने स्वतःच मोजमाप केलं. एक शेत समपातळी बांध, चर, हिरवळीची खतं वापरणारं आणि शेजारचं नेहमीच्या पद्धतीचं, अशा जोड्या लावून 1,800हून जास्त शेतं तपासली. बांधबंदिस्ती केलेल्या शेतांत वरची माती जास्त टिकली होती, ओल जास्त होती. अर्थात वरच्या अंगाचं रान उघडं असेल तर खालच्याने कितीही बांध घातले तरी वरची दरड त्याच्यावर येते, हेही तिथे दिसलं.

पुढचं थोडक्यात. होंडुरास आणि निकाराग्वा हे दोन्ही देश आधीच कर्जात बुडालेले होते. त्यांची कर्जफेड काही काळ थांबवली गेली, 1999च्या मे महिन्यात स्टॉकहोमला देणगीदार देशांची परिषद झाली आणि पुढच्या काही वर्षांत बरंच कर्ज माफ झालं. क्यूबाने आधी डॉक्टर पाठवले आणि मग 1999मध्ये हवानाजवळ परदेशी विद्यार्थ्यांसाठी मोफत वैद्यकीय विद्यालय काढलं. ते आजही चालू आहे. केळीच्या बागा चिखलात गेल्याने हजारो मजूर बेकार झाले आणि उत्तरेला अमेरिकेची वाट धरू लागले. अमेरिकेने जानेवारी 1999मध्ये तिथे असलेल्या होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांना तात्पुरतं संरक्षण दिलं, हद्दपारी नाही आणि कामाची परवानगी. 'तात्पुरतं' म्हणजे दीड वर्ष. ते वाढवत वाढवत पाव शतक चाललं. 2025मध्ये अमेरिकी सरकारने ते संपवत असल्याचं जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. ज्यांची तिथे मुलं मोठी होऊन नोकरीला लागली, त्यांच्या कागदावर अजून मिचच होतं. आज होंडुरासच्या अर्थव्यवस्थेचा जवळपास पाव हिस्सा परदेशातून घरी आलेल्या पैशांचा आहे.

मिच हे नाव वादळांच्या यादीतून कायमचं काढलं गेलं. त्याच्या जागी मॅथ्यू घातलं. 2016मध्ये मॅथ्यू नावाचं हरिकेन हैतीवर आदळलं आणि ते नावही बाद करावं लागलं.

आणि नोव्हेंबर 2020मध्ये एटा आणि आयोटा ही दोन हरिकेनं दोन आठवड्यांच्या अंतराने निकाराग्वाच्या जवळपास एकाच किनाऱ्यावर चढून होंडुरासकडे गेली. या वेळी मृत्यू मिचच्या मानाने कितीतरी कमी झाले. पण होंडुरासच्या उत्तरेतलं सुला खोरं पुन्हा बुडालं, आणि जानेवारी 2021मध्ये तिथल्या सान पेद्रो सुला शहरातून हजारो लोक पायी अमेरिकेकडे निघाले. ग्वातेमालाच्या पोलिसांनी आणि सैनिकांनी त्यांना महामार्गावरच अडवून परत पाठवलं.