संघर्ष थांबल्यावरचं पोलिसिंग: नागपूरहून या कामाकडे कसं जायचं?

प्रश्न: मी नागपूरला मानेवाड्यात राहते. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र. जिथे सशस्त्र संघर्ष नुकताच थांबला आहे अशा भागात पोलीस आणि लोक यांच्यातला विश्वास पुन्हा उभा करण्याचं काम मला करायचं आहे, जमलं तर संयुक्त राष्ट्रांबरोबर. बाबा म्हणतात, आधी पीएसआयची परीक्षा दे, मग बघू. मला वर्दी हवी की नको हेच ठरत नाही. शांतता अभ्यासाचा एक ऑनलाइन डिप्लोमा पाहून ठेवला आहे, पण फी बरीच आहे. घेऊ का?

उत्तर:

डिप्लोमाची फी आत्ता भरू नकोस. या क्षेत्रात निवड करणारे आधी विचारतात, कोणत्या भागात, किती वर्षं आणि कोणासोबत काम केलं? प्रमाणपत्राचा नंबर त्यानंतर लागतो. मूलभूत गोष्टी शिकायला जिनिव्हाच्या डीसीएएफ या संस्थेचे सुरक्षा क्षेत्र सुधारणेवरचे (पोलीस, लष्कर अशी दलं लोकांना उत्तरदायी कशी करायची यावरचे) मोफत ऑनलाइन धडे पुरेसे आहेत. संयुक्त राष्ट्रांचं ‘बीसेफ’ हे सुरक्षा प्रशिक्षणही फुकट आहे. दोन्ही दिवाळीच्या सुट्टीत उरकतील.

बाबांचा सल्ला तुला वाटतो तितका आडवळणाचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत पोलीस म्हणून जायचं तर थेट अर्ज चालत नाही. आपल्याच देशाच्या पोलीस दलात सेवेत असलेल्यांना सरकार पाठवतं. वय किमान २५, आणि प्रशिक्षणाचा काळ सोडून किमान ५ वर्षांची प्रत्यक्ष पोलीस सेवा लागते. शिवाय इंग्रजी, गाडी चालवणं आणि गोळीबार यांच्या चाचण्या होतात. पुष्कळ चांगले अधिकारी इंग्रजीत अहवाल लिहिण्यात आणि चारचाकी चालवण्यात अडकतात. आता हिशेब कर. पीएसआयची निवड, मग नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतलं प्रशिक्षण, त्यानंतरची पाच वर्षं. तिशीच्या आसपास तू अर्जाला पात्र होशील.

हे झालं एकेकट्या अधिकाऱ्याचं. दुसरा प्रकार अख्ख्या तुकडीचा, साधारण १४० जणांचा. जानेवारी २००७ मध्ये भारताने लायबेरियात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी पाठवली. पूर्णपणे महिलांची अशी ती जगातली पहिली तुकडी, आणि २०१६पर्यंत एकामागून एक तुकड्या तिथे जात राहिल्या. पण तुकडीचं मुख्य काम गस्त, पहारा आणि जमाव हाताळणं. ठाणी उभी करणं, स्थानिक पोलिसांना घडवणं, वस्त्यांशी बोलणं हे एकेकट्या पाठवलेल्या अधिकाऱ्यांचं आणि नागरी तज्ज्ञांचं काम, आणि तुझं पत्र वाचून तुझा ओढा तिकडेच दिसतो.

अजून एक गोष्ट आत्ताच माहीत असलेली बरी. या मोहिमा कमी होत चालल्या आहेत. लायबेरियातली २०१८ला, दारफुरमधली २०२०च्या अखेरीस आणि मालीतली २०२३च्या अखेरीस बंद झाली. त्यामुळे सगळी मदार संयुक्त राष्ट्रांवर ठेवू नकोस. याच कामाची गरज तुझ्या घरापासून पावणेदोनशे किलोमीटरवर आहे, आणि ती आत्ता आहे.

गडचिरोलीत १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती आणि त्याच्यासोबतच्या ६० जणांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. बंदुका कमी झाल्या की बातमी संपते, पण हे काम तिथून सुरू होतं. आत्मसमर्पण केलेला माणूस ज्या गावाजवळ राहायला येणार, तिथे त्याच्या दलमने, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र गटाने, मारलेल्या कुणाचं तरी घर असतं. दुसरीकडे ज्याला पोलिसांनी कधी चौकशीसाठी उचलून नेलं, तो आज चोरीची तक्रार घेऊन आपणहून पोलीस मदत केंद्राची पायरी चढेल का? गडचिरोली पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’तून दाखले आणि सरकारी योजनांची कामं पोलीस ठाण्यातच करून द्यायला सुरुवात केली, ती ही अडचण ओळखून. दाखल्यासाठी का होईना, माणूस न घाबरता आत येतो. माझ्या मते ही सुरुवात चांगली आहे, पण अर्धी. दाखला घ्यायला आलेली बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार द्यायला दुसऱ्यांदा आली, आणि ती नीट नोंदवली गेली, तर विश्वास बसला असं म्हणायचं.

आता गावात बसून प्रत्यक्ष काय करतात ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझा निर्णय त्यावरच ठरायला हवा. गावाची सुरक्षा बैठक घ्यायची तर पहिली बैठक पोलिसांशिवाय होते. बाया वेगळ्या, तरुण पोरं वेगळी, जाणती माणसं वेगळी. एका गटात १२ ते १५ जण, त्याहून जास्त नकोत. तेंदूपत्त्याच्या आणि धान कापणीच्या दिवसांत बैठक ठेवली तर येतात फक्त पुढारी. जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा आणि विचारायचं: अंधार पडल्यावर कुठे जाणं टाळता? उत्तरं क्वचितच नक्षलवादाबद्दल असतात. दारूचा गुत्ता, शाळेची वाट, सावकार, हातपंपावरची भांडणं. त्यातल्या दोन-तीन अशा गोष्टी निवडायच्या ज्या महिन्याभरात सुटू शकतात. मग ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलवायचं, कोण काय करणार हे सगळ्यांसमोर ठरवायचं, आणि तीस दिवसांनी त्याच जागी पुन्हा जमायचं. ही दुसरी बैठक चुकली की तिसरीला कुणी येत नाही.

यात सर्वांत मोठा धोका वहीत असतो. कोण काय बोललं हे नावानिशी लिहिलं आणि वही चुकीच्या हाती पडली, तर बोलणाऱ्याच्या जिवावर बेततं. ‘पोलिसांचा खबरी’ म्हणून गडचिरोलीत कितीतरी लोक मारले गेले. म्हणून नोंदीत मुद्दा लिहायचा, माणूस नाही. फोटो काढायचा नाही. बैठकीनंतर एखाद्याला बाजूला घेऊन अधिकाऱ्याने ‘जंगलात कोण आलं होतं?’ असं विचारलं, तर त्या गावातलं काम तिथेच संपलं. लोकांशी जवळीक आणि गुप्त माहिती काढणं ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांकडे असावी लागतात. भल्या योजना फसतात त्या बहुतेक इथेच. उरलेल्या फसतात बदलीमुळे: अधिकारी गेला, नव्याला काही माहीत नाही, आणि गावच्या बैठकांचं काम व्हॉलीबॉलच्या सामन्यांपुरतं उरतं.

लोकांना सोबत घेणं म्हणजे लोकांच्या हाती बंदुका देणं नव्हे, हे शेजारच्या छत्तीसगडने फार मोठी किंमत मोजून दाखवलं. २००५ला तिथे नक्षलवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम ही सरकारी पाठबळाची मोहीम सुरू झाली, अर्धवट प्रशिक्षण देऊन आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी बनवलं गेलं, गावं ओस पडली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा वापर घटनाबाह्य ठरवला. तो निकाल मुळातून वाच. उलट उदाहरण उत्तर आयर्लंडचं. तिथे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक समाजांत अनेक वर्षं हिंसक संघर्ष चालला, आणि जुन्या पोलीस दलात कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते. पोलीस सुधारणेवरच्या १९९९च्या पॅटन अहवालानंतर २००१ला नवं दल आलं आणि पुढची दहा वर्षं निम्मी भरती कॅथलिकांतून केली गेली. २०११पर्यंत प्रमाण तिसाच्या घरात पोचलं. सोबत पोलिसांना जाब विचारणारं नागरी मंडळ आलं. कोण भरती होतं आणि कोण जाब विचारतं, या दोन गोष्टी न बदलता नुसते मेळावे घेतले तर लोक ओळखतात.

आपल्याकडे भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८च्या सुमारास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी वस्तीतली साधी माणसं, आणि बैठका वर्षभर. १९७० आणि १९८४च्या दंगलींत होरपळलेलं ते गाव १९९२-९३ला शांत राहिलं. आता नागपूरकडे बघ. १७ मार्च २०२५ला महाल भागात हिंसाचार होऊन शहरातल्या अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. सणांच्या आधी तुझ्या भागातल्या पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते. निरीक्षकांना रीतसर पत्र देऊन तिथे बसायची परवानगी माग. कोण बोलतं, बाया किती, मागच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टींचं काय झालं, एवढं टिपून घे. अशा पाच-सहा बैठकांवर लिहिलेलं दहा पानांचं टिपण डिप्लोमापेक्षा वजनदार ठरेल.

वर्दी की बिनवर्दी? गुन्हा नोंदवण्याचा, अटकेचा, बंदोबस्त लावण्याचा अधिकार फक्त वर्दीला. त्याबरोबर बदल्या, रात्रपाळ्या, वरून आलेला न पटणारा आदेशही येतो. बिनवर्दी माणूस पोलिसांना प्रश्न विचारू शकतो, लोक त्याच्याशी मोकळे बोलतात. पण निर्णय त्याच्या हाती नसतो आणि नोकरी प्रकल्पाच्या मुदतीपुरती असते. तुला कोणती ओढाताण सोसेल ते बघ.

बिनवर्दी वाट धरलीस तर एम.एस.डब्ल्यू. कर. नागपुरात तिरपुडे आणि मातृसेवा संघ ही समाजकार्याची महाविद्यालयं आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय घेता येतो. दिल्लीच्या जामियात संघर्ष आणि शांतता यावर एम.ए. आहे. माझा कल पहिल्या दोन पर्यायांकडे, कारण क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. पहिली नोकरी म्हणून महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षाचा विचार कर. १९८४ला मुंबईत सुरू झालेल्या या कक्षात समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते. तक्रार घेताना पोलीस कुठे टाळतात आणि बाई कुठे माघार घेते, हे तिथे रोज समोर दिसतं. अशा दोन-तीन वर्षांवर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत अर्ज करता येतो. तिथे पगार नसतो, निर्वाह भत्ता मिळतो.

दोन्ही वाटांवर लागणाऱ्या गोष्टी आजपासून सुरू कर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १७३ पाठ हवं: कोणत्याही हद्दीतला दखलपात्र गुन्हा कोणत्याही ठाण्यात सांगता येतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा वाच, गडचिरोलीतले निम्मे वाद तिथून कळतील. गोंडी किंवा माडिया बोलायला शीक. भामरागड-एटापल्लीत मराठीवर भागत नाही, आणि सिरोंचात तेलुगू लागते. गिअरच्या चारचाकीचं लायसन्स काढ. परदेशाचा विचार असेल तर फ्रेंच, कारण काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांतल्या मोहिमांत तीच चालते.

गडचिरोलीला एकटी फिरायला जाऊ नकोस. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या, उदाहरणार्थ कुरखेड्याच्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’सारख्या संस्थेकडे उन्हाळ्यात महिना-दीड महिना काम माग, आणि त्यांचे लोक नेतील त्याच गावात जा.

बाबांना सांग की एमपीएससीचा अर्ज भरतेस आणि एम.एस.डब्ल्यू.ची प्रवेशप्रक्रियाही करतेस. पीएसआयसाठी धावणं आणि गोळाफेक यांची तयारी मात्र निकालानंतर होत नाही, ती आजच सकाळपासून करावी लागेल.