सल्लागाराला पगार नसतो

प्रश्न आहे: 'कन्सल्टिंग ॲग्रीमेंट'ला 'सल्लागाराचं नेमणूकपत्र' म्हणावं का?

म्हणू नये. 'सल्लागार म्हणून नोकरीला लागलो, पगार चांगला आहे' हे वाक्य मी सतत ऐकतो आणि दर वेळी खटकतं. नेमणूक नोकराची होते. कामाची वेळ, रीत, रजा मालक ठरवतो. सल्लागार स्वतंत्र असतो. तो शुल्क घेतो, आपल्या रीतीनं काम करतो, सहसा इतरांचीही कामं घेतो. 'कंत्राट'ही नको, त्यात काम उरकून देण्याचा वास आहे. 'सल्लासेवा करार' म्हणा.

कारण 'करार' हा शब्दच इथे नेमका बसतो! मूळ अरबी 'क़रार', म्हणजे स्थिर होणं, ठरणं. जीव ठरत नाही तो बेकरार. तारीख 'मुक्रर' करतो तीही याच धातूतून. आणि आपला 'करारी' माणूस? ज्याचं मन ठरलेलं आहे, डळमळत नाही, तो. माझं तर ठाम मत आहे की सल्लासेवेच्या कागदाचा सगळा अर्थ या 'ठरण्यात' आहे. नोकरीत आज राहिलेलं उद्या साहेब सांगतो. सल्लागाराला रोज सांगणारा कुणी नसतो, म्हणून कामाची व्याप्ती, शुल्क, गोपनीयता, तयार झालेल्या अहवालावर हक्क कुणाचा, करार किती दिवसांच्या सूचनेनं मोडता येईल, हे सगळं आधीच मुक्रर करावं लागतं.

परिभाषा घडवणाऱ्यांना 'संविदा' प्रिय आहे. कायद्यानं बजावता येणारा तोच करार संविदा, हा भेद न्यायालयात हवाच. पण म्हणून रोजच्या व्यवहारातून 'करार' हद्दपार करण्याचा हट्ट मला मुळीच पटत नाही. संविदेला 'करारी'सारखं लेकरू झालंय का?

'करार' आणि 'तक्रार' एकाच धातूचे, असं छातीठोकपणे सांगणारेही चुकतात. करारातला 'क़' घशातून येतो, तक्रारीतला साधा आहे. धातूच वेगळा! 'तक्रार' म्हणजे मुळात पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा म्हणणं.

नेमणूकपत्राचं राहिलंच. कागदावर 'सल्लासेवा करार' लिहून हजेरी, वेळ आणि रजा मालकाच्याच हाती ठेवली, तर ती नोकरीच. वाद झाला की न्यायालयं सहसा मथळा बघत नाहीत, कामावर प्रत्यक्ष नियंत्रण कुणाचं होतं ते बघतात.